उष्णकटिबंधीय वनांतील जैवभाराचे अनुमान

उष्णकटिबंधीय वनांतील जैवभाराचे अनुमान म्हणजे कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या वनांत उभ्या असलेल्या वृक्षांचे व झुडपांचे शुष्क वजन, ती न तोडता, मोजमापे आणि समीकरणे यांच्या साहाय्याने ठरविण्याची रीत होय. हे वजन सामान्यतः दर हेक्टरी टनांत सांगतात. पूर्वी त्याचा उपयोग मुख्यतः इमारती लाकूड व सरपण यांचा साठा अजमावण्यासाठी होई. १९८० नंतर मात्र वातावरणातील कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात वनांना स्थान मिळाले आणि या विषयाचे महत्त्व पुष्कळ वाढले. कोणतेही संपूर्ण वन आजवर कोणी तराजूत घातलेले नाही. अहवालांत छापला जाणारा जैवभाराचा आकडा थोड्याशा वृक्षांच्या प्रत्यक्ष वजनावरून टप्प्याटप्प्याने काढलेला असतो आणि प्रत्येक टप्प्यावर त्यात काही चूक मिसळते. त्यामुळे एकाच वनाविषयी दोन अभ्यासकांचे आकडे दुपटीने भिन्न असल्याची उदाहरणे आहेत.

संज्ञा व एकके

'बायोमास' या शब्दासाठी मराठीत जैवभार, जैव वस्तुमान असे प्रतिशब्द आढळतात. काटेकोरपणे पाहता 'वस्तुमान' हाच शब्द बरोबर आहे. तथापि 'जैवभार' हा सुटसुटीत असल्याने येथे तोच वापरला आहे. जैवभार नेहमी शुष्क वजनात मोजतात. ओल्या लाकडात व पानांत पाण्याचे प्रमाण जातीगणिक आणि ऋतुगणिक बदलते, म्हणून ओल्या वजनांची तुलना निरर्थक ठरते. जमिनीवरील भाग (खोड, फांद्या, साल, पाने) व जमिनीखालील भाग (मुळे) यांचा जैवभार वेगवेगळा धरला जातो.

वृक्ष आणि झुडूप यांतील सीमारेषा निसर्गात स्पष्ट नसते. एकच मुख्य खोड असलेला तो वृक्ष आणि बुडापासून अनेक खोडे फुटलेले ते झुडूप, ही व्याख्या पुस्तकापुरती ठीक आहे. मोजणीच्या कामात ती खोडाच्या व्यासावरून ठरते. बहुतेक सर्वेक्षणांत १० सेंटिमीटरहून कमी व्यासाची खोडे मुख्य मोजणीत धरली जात नाहीत, त्यामुळे सागाचे कोवळे रोप आणि कुड्याचे जुने झुडूप ही दोन्ही व्यवहारात एकाच बाजूला पडतात.

प्रत्यक्ष तोलण्याची पद्धत

सर्व अनुमानांच्या मुळाशी प्रत्यक्ष तोडून तोललेले वृक्ष असतात. निवडलेल्या वृक्षाचा व्यास व उंची मोजून तो बुंध्याशी तोडतात. खोड, जाड फांद्या, बारीक डहाळ्या व पाने असे त्याचे भाग करून प्रत्येक भागाचे ओले वजन जागेवरच घेतात. प्रत्येक भागातून लहान नमुने प्रयोगशाळेत नेऊन भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवितात. लाकडासाठी हे तापमान साधारणतः १०५ अंश सेल्सिअस व पानांसाठी ७० ते ८० अंश ठेवतात. ओल्या व सुक्या वजनांच्या गुणोत्तरावरून संपूर्ण वृक्षाचे शुष्क वजन निघते.

ही रीत ऐकण्यास सोपी, पण करण्यास अतिशय कष्टाची आहे. मोठ्या वृक्षाचे वजन कित्येक टन भरते. तो पाडताना शेजारची झाडे मोडतात, आणि दुर्गम उतारावर तर वजनकाटा नेणेच अवघड होते. परिणामी तोललेल्या वृक्षांत लहान व मध्यम वृक्षांचा भरणा अधिक असतो, आणि वनाच्या जैवभारात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा त्या महावृक्षांचे नमुने सर्वांत थोडे असतात. अभयारण्यात किंवा देवराईत वृक्ष तोडता येत नाही, त्यामुळे उत्तम राखलेल्या वनांची समीकरणे दुसरीकडच्या वृक्षांवर बेतलेली असतात.

समीकरणे

एखाद्या जीवाच्या एका अवयवाची वाढ दुसऱ्या अवयवाच्या किंवा संपूर्ण शरीराच्या वाढीशी ठराविक गणिती संबंधाने बांधलेली असते, या तत्त्वाला ॲलोमेट्री म्हणतात. ही संज्ञा ज्युलियन हक्सली व जॉर्ज तेसिए यांनी १९३६ मध्ये रूढ केली. वृक्षांच्या बाबतीत खोडाचा व्यास वाढला की वजन व्यासाच्या सुमारे अडीचाव्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे अनुभवास येते. व्यास दुप्पट झाला, तर वजन दुप्पट न होता पाच-साडेपाच पटींच्या आसपास जाते. उष्णकटिबंधीय वनांत अशा समीकरणांचा पद्धतशीर वापर करणाऱ्यांत जपानी अभ्यासक अग्रेसर होते. ओगावा, योदा, किरा प्रभृतींनी थायलंडमधील वनांवर केलेला अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

समीकरणात घालण्याचा मुख्य आकडा म्हणजे छातीच्या उंचीवरील व्यास. जगात इतरत्र ही उंची १.३ मीटर धरतात, भारतात जुन्या साडेचार फुटांच्या प्रथेनुसार १.३७ मीटर. आपल्याकडे वनरक्षक सहसा फीत गुंडाळून घेर मोजतो, आणि घेराला ३.१४१६ ने भागून व्यास काढतात. घेर व व्यास यांची गल्लत झाली तर उत्तर कित्येक पटींनी फुगते. आधारमुळे असलेल्या वृक्षांत फीत त्या मुळांच्या वर धरावी लागते. व्यासातील १० टक्के चूक वजनात सुमारे २० टक्के किंवा त्याहून अधिक चूक निर्माण करते, म्हणून कायम क्षेत्रांत फीत नेमकी त्याच जागी बसावी यासाठी खोडावर रंगाची रेघ ओढून ठेवतात.

सँड्रा ब्राउन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी लिहिलेली पुस्तिका (१९९७) या क्षेत्रात दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तीत पर्जन्यमानानुसार शुष्क, आर्द्र व अतिआर्द्र अशा वनप्रदेशांसाठी निरनिराळी समीकरणे दिली आहेत आणि त्यांत केवळ व्यास घालावा लागतो. ३० सेंटिमीटर व्यासाचा वृक्ष घेतला, तर शुष्क वनाच्या समीकरणाने त्याचे वजन सुमारे ३६३ किलोग्रॅम येते, आर्द्र वनाच्या समीकरणाने सुमारे ६४६ किलोग्रॅम. म्हणजे वनाला 'शुष्क' म्हणावे की 'आर्द्र', एवढ्या निवडीने उत्तर पाऊणपटीहून अधिक बदलते. शुष्क वनाचे ते समीकरण भारतातील केवळ २८ वृक्षांवर आधारलेले असून त्यांचे व्यास ५ ते ४० सेंटिमीटर या मर्यादेत होते. ८० सेंटिमीटर व्यासाच्या वृक्षाला ते लावणे म्हणजे पट्टी जिथे संपते तिथून पुढेही मोजत राहण्यासारखे आहे. तरीही असा वापर विपुल झाला आहे.

जेरोम शाव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये २७ ठिकाणच्या २,४१० वृक्षांवरून आणि २०१४ मध्ये ५८ ठिकाणच्या ४,००४ वृक्षांवरून सर्व उष्णकटिबंधासाठी समीकरणे सिद्ध केली. २०१४ च्या समीकरणात लाकडाची घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर), व्यासाचा वर्ग (व्यास सेंटिमीटरमध्ये) आणि उंची (मीटरमध्ये) यांचा गुणाकार करतात, त्या गुणाकाराचा ०.९७६ वा घात काढतात व त्याला ०.०६७३ ने गुणतात. उत्तर किलोग्रॅममध्ये येते. आजमितीस हे समीकरण सर्वाधिक वापरात आहे. उंची मोजलेली नसेल तर त्याच अभ्यासात दिलेले दुसरे समीकरण घेतात. त्यात तापमानाचा व पावसाचा ऋतुमानानुसार होणारा चढउतार आणि पाण्याची तूट यांवरून ठरविलेला एक निर्देशांक उंचीची उणीव भरून काढतो.

घनतेचा प्रभाव एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ३० सेंटिमीटर व्यासाचे (घेर सुमारे ९४ सेंटिमीटर) व १८ मीटर उंचीचे तीन वृक्ष शेजारी उभे आहेत असे मानू. एक सावर, एक साग, एक ऐन. सावरीच्या लाकडाची घनता सुमारे ०.३३, सागाची ०.५५ व ऐनाची ०.७३ धरली, तर वरील समीकरणाने त्यांची वजने अनुक्रमे सुमारे २९३, ४८२ व ६३६ किलोग्रॅम येतात. तिघांचा घेर एक, उंची एक, पण ऐनाचे वजन सावरीच्या दुपटीहून अधिक. म्हणून वृक्षाची जात ओळखता येणे हे जैवभाराच्या कामात शोभेचे ज्ञान नसून गणिताचा भाग आहे. स्थानिक नावे जाणणारा जाणता माणूस बरोबर नसेल, तर मोजणीदाराला सर्व वृक्षांसाठी एकच सरासरी घनता धरावी लागते, आणि सागाच्या वनाला व सावर-पांगाऱ्याच्या उतारालाही तोच आकडा लागू होतो.

घनतेच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक असते. समीकरणात अपेक्षित घनता म्हणजे भट्टीत वाळविलेल्या लाकडाचे वस्तुमान भागिले त्याच लाकडाचे ओले असतानाचे घनफळ. लाकडाच्या व्यापारातील कोष्टकांत मात्र हवेत वाळलेल्या, सुमारे १२ टक्के ओलावा असलेल्या लाकडाची घनता असते व ती अधिक भरते. रूपांतर न करता ती वापरल्यास संपूर्ण वनाचे वजन वाढीव येते.

उंचीचा प्रश्न वेगळाच आहे. घनदाट सदाहरित वनात शेंडा दिसत नाही. खाली उभा असलेला माणूस बाजूची फांदी शेंडा समजून मोजतो. म्हणून पुष्कळ सर्वेक्षणांत उंची घेतलीच जात नव्हती. २०१२ मध्ये फेल्डपॉश व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की प्रदेशानुसार बदलणारी उंची हिशेबात घेतली नाही, तर सर्व उष्णकटिबंधीय वनांतील कार्बनचा अंदाज सुमारे ३५ अब्ज टनांनी जास्त येतो.

काही वनस्पतींना कोणतेच सर्वसाधारण समीकरण लागू पडत नाही. पारंब्यांवर पसरलेल्या वडाचे खोड कोणते म्हणावे? भेरली माड किंवा सुपारी यांचे खोड वयानुसार जाड होत नाही, म्हणून तेथे व्यास निरुपयोगी व उंची महत्त्वाची. बांबू आतून पोकळ असतो. जुने, आतून पोखरलेले वृक्ष बाहेरून भरीव वृक्षाइतकेच मोजले जातात. गारंबीसारख्या महावेली बहुधा मोजणीतूनच सुटतात.

झुडपे

झुडपांचा जैवभार वृक्षांच्या तुलनेने थोडा असल्याने दीर्घकाळ त्याकडे दुर्लक्ष झाले. घनदाट सदाहरित वनापुरते हे क्षम्य आहे. उष्णकटिबंधातील मोठा भाग मात्र तसा नाही. शुष्क पानझडी वन, काटेरी वन, चराई व तोड यांनी उघडे पडलेले डोंगरउतार, फिरती शेती सोडून दिल्यानंतर पुन्हा वाढू लागलेले रान, या ठिकाणी काष्ठमय जैवभाराचा बराच अंश झुडपांत व कोवळ्या खोडांत असतो. गावकऱ्यांची मोळी याच भागातून येते, आणि वणवा प्रथम याच भागात पेटतो. सरपणाचा तुटवडा किंवा वणव्याचा धोका अजमावायचा असेल, तर १० सेंटिमीटरहून जाड खोडांचा आकडा फारसा उपयोगी पडत नाही.

झुडपाला छातीच्या उंचीवर व्यास असतोच असे नाही. करवंदाच्या जाळीत किंवा निरगुडीच्या बेटात बुडापासून पाच-पंचवीस खोडे फुटलेली असतात व ती वर एकमेकांत गुंततात. म्हणून झुडपांसाठी खोडाचा व्यास जमिनीलगत किंवा जमिनीपासून थोड्या ठराविक उंचीवर घेतात, प्रत्येक खोड स्वतंत्र मोजून वजनांची बेरीज करतात, अथवा खोडांचा नाद सोडून झुडपाचा विस्तार व उंची मोजतात. विस्तारासाठी एकमेकांस काटकोनात दोन व्यास घेऊन त्यांच्या सरासरीवरून वर्तुळाचे क्षेत्रफळ काढतात. क्षेत्रफळ गुणिले उंची या घनफळाचा शुष्क वजनाशी संबंध जोडणारे समीकरण त्या त्या जातीसाठी २०-३० झुडपे तोडून, वाळवून तयार करता येते. झुडूप तोडणे व तोलणे वृक्षाच्या मानाने सोपे असल्याने हे काम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या गटालाही जमण्यासारखे आहे. अर्थात वनखात्याची परवानगी घ्यावी लागतेच.

घाणेरीसारख्या परकीय झुडपाने प्रश्न अधिक बिकट केला आहे. तिच्या काटेरी जाळ्यांत एक रोप कुठे संपते व दुसरे कुठे सुरू होते हे कळत नाही. तेथे ठराविक चौकोनातील सर्व काही कापून तोलणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. घाणेरीने किंवा रानमोडीने व्यापलेल्या रानाचा जैवभार कागदावर वाढलेला दिसू शकतो. वनाचे आरोग्य सुधारले, असा त्याचा अर्थ होत नाही.

सह्याद्रीतील कारवी हे झुडपांच्या मोजणीतील अडचणींचे बोलके उदाहरण आहे. कारवीची रोपे एकाच वेळी उगवतात, सात-आठ वर्षे सारखी वाढतात, एकदम फुलतात आणि बी धरल्यावर सामूहिकरीत्या वाळून जातात. फुलोऱ्याच्या आदल्या वर्षी मोजणी केली, तर उतारावर भरघोस सजीव जैवभार आढळेल. दोन वर्षांनी त्याच जागी वाळक्या काठ्या व बोटभर रोपे दिसतील. दोन मोजण्यांच्या वजाबाकीतून 'वनऱ्हास' असा निष्कर्ष निघेल, आणि तो चुकीचा असेल. शिवाय कारवीच्या काठ्या कुडाच्या भिंतींसाठी तोडून नेण्याची जुनी प्रथा आहे. ती तोडही हिशेबात येत नाही. ज्या जातींचे जीवनचक्र असे ठोक्याने चालते, त्यांच्या बाबतीत मोजणीचे वर्ष नमूद न केलेला आकडा वापरू नये.

वृक्षापासून वनापर्यंत

एका वृक्षाचे वजन काढता आले, तरी वनाचे वजन काढणे हा निराळा प्रश्न राहतो. त्यासाठी नमुना क्षेत्रे आखून त्यांतील प्रत्येक वृक्ष मोजतात व सरासरी सर्व वनाला लावतात. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण भांड्यातला भात सगळा सारखा शिजलेला असतो. वनाचे तसे नसते. २०१३ मध्ये स्लिक व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ७० सेंटिमीटर व त्याहून अधिक व्यासाचे वृक्ष संख्येने आफ्रिकेत ३.८ टक्के, आग्नेय आशियात २.४ टक्के आणि दक्षिण अमेरिकेत केवळ १.५ टक्के असतात, पण जमिनीवरील जैवभारात त्यांचा वाटा अनुक्रमे सुमारे ४४.५, ३९.१ व २५.१ टक्के असतो. लहानशा नमुना क्षेत्रात असा एक वृक्ष सापडला, तर हेक्टरी आकडा फुगतो. सापडला नाही, तर तो घटतो.

नमुना कोठे घ्यावा, यातही मानवी कल डोकावतो. सँड्रा ब्राउन व एरिएल लुगो यांनी १९८४ मध्ये एक वेगळी वाट चोखाळली. तोवरचे अनुमान परिस्थितिवैज्ञानिकांनी निवडलेल्या थोड्या, लहान क्षेत्रांवर आधारलेले होते, आणि अभ्यासक साहजिकच भव्य, अक्षत वन निवडत. ब्राउन व लुगो यांनी त्याऐवजी विस्तीर्ण प्रदेशांच्या लाकूड-सर्वेक्षणांतील घनफळाचे आकडे घेतले, त्यांना घनतेने गुणले, आणि फांद्या-पाने यांची भर घालण्यासाठी विस्तार गुणक वापरला. उत्तर पूर्वीच्या अनुमानांपेक्षा बरेच कमी आले. ब्राझीलमधील अभ्यासक फिलिप फर्नसाइड यांनी या आकड्यांवर आक्षेप घेतले. लाकूड-सर्वेक्षणांतून लहान वृक्ष, ताडवर्गीय वनस्पती, वेली इत्यादी वगळले गेल्याने ते कमी येतात, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंत तथ्य होते. हा वाद अनेक वर्षे चालला आणि दोन्ही पक्षांना आपापले आकडे सुधारावे लागले. २००१ मध्ये हॉटन व सहकाऱ्यांनी ब्राझीलमधील ॲमेझॉन वनांविषयीच्या उपलब्ध अनुमानांची तुलना केली, तेव्हा त्यांतील कार्बन ३९ अब्ज टनांपासून ९३ अब्ज टनांपर्यंत आढळला. कोणत्या भागात जास्त व कोणत्या भागात कमी, यावरही त्यांचे एकमत नव्हते.

चुका नेमक्या कोठे शिरतात याचा उत्तम अभ्यास पनामा कालव्यातील गाटून सरोवराच्या बारो कोलोराडो बेटावर झाला. येथे १९८० च्या दशकारंभी ५० हेक्टरांचे कायम क्षेत्र आखण्यात आले असून १ सेंटिमीटर व त्याहून जाड असे प्रत्येक खोड मोजले जाते. अशा खोडांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे. शाव यांनी २००४ मध्ये या माहितीवर केलेल्या विश्लेषणात असे दिसले, की अनिश्चिततेचा सर्वांत मोठा स्रोत समीकरणाची निवड हा आहे. फितीची चूक किंवा नमुन्याचा आकार त्याच्या मागून येतो.

मुळे, मृत लाकूड व कार्बन

मुळे खणून तोलण्याचे काम फारच थोड्यांनी केले आहे. म्हणून जमिनीवरील जैवभाराला ठराविक गुणोत्तराने गुणून मुळांचे वजन धरतात. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत वर्षावनासाठी हे गुणोत्तर ०.३७ दिले आहे. विरळ शुष्क वनांसाठी ते ०.५६ इतके मोठे आहे, कारण तेथील वनस्पती पाण्याच्या शोधात मुळांवर अधिक खर्च करतात. पडलेली खोडे व पालापाचोळा यांची मोजणी स्वतंत्र होते.

शुष्क जैवभाराचा ०.४७ भाग कार्बन मानतात (जुन्या लेखनात ०.५). कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करण्यासाठी ४४/१२, म्हणजे सुमारे ३.६७ ने गुणतात. वरील उदाहरणातील सागाच्या ४८२ किलोग्रॅममध्ये सुमारे २२७ किलोग्रॅम कार्बन असून तो जळल्यास सुमारे ८३० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होईल.

लेसर व उपग्रह

जमिनीवर तिपाईवर ठेवलेले लेसर यंत्र वृक्षाभोवती फिरवून त्याचा त्रिमित आराखडा मिळविता येतो. त्यावरून घनफळ व मग घनतेने गुणून वजन निघते. वृक्ष न तोडता समीकरणे तपासण्याचा हा मार्ग देवराया व अभयारण्ये यांच्यासाठी विशेष मोलाचा आहे. लेसरला लाकडाची घनता मात्र कळत नाही, आणि खोडाच्या आतील पोकळीही दिसत नाही.

उपग्रह जैवभार मोजतात असे सर्रास म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. उपग्रह उंची, छत्राची दाटी किंवा परत आलेल्या रडार लहरींची तीव्रता मोजतो. तिचे टनांत रूपांतर करण्यासाठी पुन्हा जमिनीवरील क्षेत्रे व तीच समीकरणे लागतात. सामान्य छायाचित्रांत दाट वन व अतिदाट वन सारखेच हिरवे दिसते. रडारमध्ये लहरीची लांबी जितकी अधिक, तितकी ती पर्णछत्र भेदून खोल जाते. सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरीही हेक्टरी १००-१५० टनांच्या पुढे फारसा फरक ओळखू शकत नाहीत, आणि उष्णकटिबंधातील दाट वने नेमकी त्या पलीकडची असतात. २९ एप्रिल २०२५ रोजी सोडलेल्या युरोपीय अवकाश संस्थेच्या 'बायोमास' उपग्रहात यासाठी सुमारे ७० सेंटिमीटर लांबीच्या लहरींचे रडार बसविले आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून गेलेला नासा व इस्रो यांचा 'निसार' उपग्रह विरळ व मध्यम वनांसाठी, म्हणजे भारतातील पुष्कळशा पानझडी वनांसाठी, अधिक उपयुक्त ठरावा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील 'जेडी' हे लेसर उपकरण २०१९ पासून छत्राच्या उंचीची मोजमापे पुरवीत आले आहे.

उष्णकटिबंधाचे जैवभारदर्शक नकाशे २०११ (साची व सहकारी) व २०१२ (बाचिनी व सहकारी) मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींना एकाच उपग्रहाच्या लेसर मोजमापांचा आधार होता, तरी अनेक ठिकाणी ते परस्परांशी व जमिनीवरील क्षेत्रांशी जुळत नाहीत, असे पुढे दिसून आले. रंगीत नकाशाची छाप मोठी पडते, पण प्रत्येक चौकोनामागे मोजलेला वृक्ष असतोच असे नाही.

भारतातील मोजणी

भारतात हे काम मुख्यतः देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था (स्थापना १९८१) करते. तिचे दर दोन वर्षांनी निघणारे अहवाल १९८७ पासून प्रसिद्ध होत आहेत. पूर्वीच्या आखणीत ०.१ हेक्टरांच्या नमुना क्षेत्रांत १० सेंटिमीटर व त्याहून अधिक व्यासाचे वृक्ष मोजत. झुडपांसाठी ३ × ३ मीटरचे व गवत-वनौषधींसाठी १ × १ मीटरचे लहान चौकोन आखत. जातवार घनफळ समीकरणांचा संग्रह संस्थेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. ही समीकरणे लाकडाच्या उत्पन्नासाठी होती, त्यामुळे फांद्या, पाने, बारीक खोडे व झुडपे यांचा जैवभार त्यांतून मिळत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी २००८ ते २०१० या काळात देशभर विशेष अभ्यास हाती घेण्यात आला. संस्थेच्या अहवालांनुसार भारतीय वनांतील कार्बनपैकी निम्म्याहून अधिक मातीत आहे, ही गोष्ट केवळ उभ्या वृक्षांकडे पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

दीर्घकालीन क्षेत्रांपैकी तमिळनाडूतील मुदुमलै येथील ५० हेक्टरांचे क्षेत्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने रामन सुकुमार यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये सुरू केले. या शुष्क पानझडी वनात वणवे व हत्ती हे दोन्ही घटक लहान खोडांवर सतत परिणाम करतात. हत्तींच्या आवडीचा वारंग हा लहान वृक्ष तेथे झपाट्याने घटला. मोठे वृक्ष उभे राहिल्याने एकूण जैवभारात अशी घट ठळकपणे उमटत नाही, ती खोडांच्या मोजदादीतच दिसते. कोडगू जिल्ह्यातील उप्पंगळा येथे पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने पश्चिम घाटातील सदाहरित वनाचे कायम क्षेत्र १९९० च्या सुमारास आखले. तेथे ३० सेंटिमीटर घेरापासून वृक्ष मोजले जातात.

भारताने २०३० पर्यंत वने व वृक्षाच्छादन यांद्वारे २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतकी अतिरिक्त साठवण निर्माण करण्याचे आंतरराष्ट्रीय अभिवचन दिले आहे. ते पुरे झाले की नाही, हे दोन वर्षांतील दोन आकड्यांच्या वजाबाकीवरून ठरणार आहे. या दोन वर्षांच्या दरम्यान समीकरण, घनतेचे कोष्टक किंवा नमुना क्षेत्रांची आखणी बदलली, तर रानात एकही झाड न वाढता साठा वाढलेला किंवा एकही झाड न तुटता घटलेला दिसू शकतो. म्हणून पद्धत बदलल्यावर मागील वर्षांचे आकडे नव्या पद्धतीने पुन्हा काढावेत, असा या क्षेत्रातील दंडक आहे. कार्बनच्या खाजगी व्यापारात तर टनामागे पैसे मिळतात. अशा व्यवहारात सामूहिक वनहक्क असलेल्या गावाने सही करण्यापूर्वी झाडांची मोजणी कोणी केली, घेर कोठे मोजला, जाती कोणी ओळखल्या आणि झुडपे धरली की वगळली, एवढे तरी लेखी मागून घेणे गरजेचे आहे. फितीने घेर मोजणे व जाती ओळखणे ही कामे गावातील माणसे थोड्या प्रशिक्षणाने विश्वसनीयपणे करू शकतात, आणि जाती ओळखण्यात ती बाहेरून आलेल्या मोजणीदारापेक्षा बहुधा सरस ठरतात.